येवल्याच्या मुनिया, पंचवटीतले मास्तर आणि चिऊचं जॅकेट

दिवस पहिला, गुरुवार

वाकडेवाडीहून सकाळी सहाची गाडी पकडली नि जी झोपले ती थेट मोहदरी घाटात जाग आली, तीसुद्धा थंडीनं, कारण माझ्या खिडकीची काच शेवटपर्यंत बंदच होत नव्हती. जानेवारीतलं नाशिक काय असतं ते पुण्यात राहून विसरायला होतं. द्वारका चौकात उतरले, गुळाच्या चहाची गाडी दिसली, लागोपाठ दोन चहा घेतले तेव्हा कुठं बोटं हलायला लागली. मग रिक्षा करून हिरावाडी, मावशीकडे.

येण्याचं कारण चिऊ. माझी मावसबहीण, फेब्रुवारीत लग्न आहे तिचं. आता लग्न म्हटलं की बस्ता, बस्त्यात पैठणी, विषय संपला. पण चिऊला रिसेप्शनला साडी नकोय, तिला प्लेन सिल्कच्या घेरदार स्कर्टवर पैठणीचं लांब जॅकेट हवंय आणि तेसुद्धा आजीची पैठणी कापून! हे तिनं फॅमिली ग्रुपवर टाकलं, त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा आली नाहीत. मावशीचा मला फोन, तू कपड्यांच्या लाईनीत आहेस ना, तूच ये नि समजाव तिला.

कपड्यांच्या लाईनीत म्हणजे काय तेही सांगून टाकते. ऑनलाईन कपडे विकणाऱ्या एका कंपनीत मी कॅटलॉगचा मजकूर लिहिते. तुम्ही मोबाईलवर कुर्ता बघता नि खाली चार ओळी असतात ना, "पारंपरिक कारागिरीला मॉडर्न टच", त्या माझ्यासारखं कुणीतरी एसीत बसून दिवसाला पन्नास लिहितं. पॉलिस्टरवर मोर छापला की पैठणी प्रिंट, काठ चिकटवला की फ्यूजन. सात वर्षं हेच करतेय आणि या सात वर्षांत हातमाग समोर बसून असा कधी बघितलाच नव्हता. त्यामुळे समजवायला आले खरी, पण कुठल्या तोंडानं समजवणार होते कोण जाणे.

दुपारी आजीची पैठणी ट्रंकेतून निघाली. मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळलेली. 1961 सालची, आजीच्या लग्नातली. अंग कुसुंबी, काठ हिरवे, पदरावर बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसवलेले मोर. मावशीनं घडी उलगडली आणि तिघीही गप्प झालो. जिथं जिथं घडी पडली होती तिथं रेशीम उभं चिरत गेलं होतं. पदर मात्र लख्ख. त्यातली जर अशी मऊ पिवळी दिसत होती, नव्या साड्यांची डोळ्यात घुसते तशी नाही.

चिऊ म्हणाली, बघ आई, ही नेसता तर येणारच नाहीये कुणाला. मावशी म्हणाली, म्हणून कात्री लावायची? माझं मत मावशीच्या बाजूनं होतं. आजीची वस्तू आहे, कापायची कशाला. बोलले नाही, पण होतं.

संध्याकाळी दोघी पाय मोकळे करायला गोदाघाटावर गेलो, दुतोंड्या मारुतीला नमस्कार केला (पूर किती आला हे नाशिककर अजूनही त्याच्या अंगावरूनच मोजतात), मग सराफ बाजारातून तांबट लेनकडे. चिऊला नथ बघायची होती. नथीचं काही जमलं नाही पण एका दुकानाच्या मागच्या खोलीत एक आजोबा तांब्याच्या पिंपाला मठारत बसले होते ते बघत उभ्या राहिलो. एकाच लयीत ठोका पडतो, भांडं थोडं फिरतं, परत ठोका. शेजारी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग होता, मशीनवर काढलेल्या नि ठोक्यांची नुसती नक्षी उमटवलेल्या. मी विचारलं जास्त काय जातं. हातोडी न थांबवता बाटल्यांकडे हनुवटी केली त्यांनी. हातानं मठारल्याशिवाय भांड्याला बळकटी येत नाही म्हणाले, बाटलीवरचे ठिपके ते नुसते दिसायला.

मला का कोण जाणे माझा कॅटलॉग आठवला.

दिवस दुसरा, शुक्रवार

येवल्याला निघालो. मावशीच्या भिशीतल्या एका बाईंचं माहेर येवल्याचं, त्यांच्या ओळखीचे एक विणकर काका. आजीची पैठणी रफू होते का विचारायची आणि जमलं तर चिऊला जॅकेटचं नवीन कापड बघायचं, अशी तडजोड रात्री जेवताना झाली होती. तडजोड मावशीची, चिऊ अजून आजीच्याच साडीवर अडून होती.

नाशिकहून येवला 80-85 किलोमीटर. संभाजीनगरची एसटी मिळाली, तिघींचं अर्धं तिकीट, मावशीला अजूनही त्याचा एवढा आनंद होतो की कंडक्टरला ती थँक्यू म्हणते. चांदोरी, सायखेडा फाटा, निफाड. निफाडला धुकं एवढं की द्राक्षबागा दिसायच्याऐवजी नुसते मांडवाचे खांब दिसत होते. थंडीचा नीचांक म्हणून पेपरात दरवर्षी निफाडचं नाव का येतं ते कळलं. विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर आडवे, अर्धा तास तिथंच. मावशीनं तेवढ्यात मेथीचे पराठे काढले.

येवल्यात उतरल्या उतरल्या दोन गोष्टी दिसतात, पैठणीच्या दुकानांच्या पाट्या आणि संक्रांत जवळ आलेली असली तर पतंग. इथं संक्रांत तीन दिवस चालते नि मांजा चकरीला नाही, आसारीला गुंडाळतात, बांबूच्या काड्यांची मोठी हलकी फिरकी असते ती. गल्लीतली पोरं ती मांडीवर फिरवत होती. हे आत्ता सांगतेय कारण पुढं येणारे.

पाट्यांवर "होलसेल", "फॅक्टरी रेट", "खात्रीशीर हातमाग" सगळं होतं. काकांच्या घरावर काहीच नव्हतं. साधं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत दोन माग, मधे जेमतेम चालायला वाट. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून काका बसलेले, पायाखाली पावड्या, म्हणजे माग चालवायच्या पायपट्ट्या. काकू ओट्यावर रहाट फिरवत कांड्या भरत होत्या आणि त्यांच्यासमोर रेशमाची लडी जिच्यावर चढवली होती ती, अगदी तस्सीच आसारी! मी म्हटलं, काकू ही तर पतंगाची. काकू हसल्या. "पतंगाची नाय हो, पतंगवाल्यांनी आमची उचललीय." खरं खोटं गावालाच माहीत, पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटतील.

चहा झाला. मग काकांनी आम्हाला काही समजवायला वगैरे घेतलं नाही, ते परत मागावर बसले आणि म्हणाले, बघा.

पदर चालू होता. हे मला लिहून दाखवता येईल का माहीत नाही पण प्रयत्न करते. साडीच्या अंगात एक धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, इकडून तिकडे जातो, खट्, फणी ठोकली, परत. ते समजतं. पदरात धोटा जरीचा असतो आणि नक्षी येते तिथं तो थांबतो. मोराच्या मानेला निळा, चोचीला लाल, पानाला हिरवा, असा प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या इवल्याशा कांडीवर, आणि त्या सगळ्या कांड्या ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, रांगेत पडलेल्या. मी मोजल्या, 22 होत्या. एक ओळ भरायची तर काका डावीकडून सुरू करतात, पहिली कांडी उचलायची, चार धागे उचलून त्याखालून काढायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची, ठेवायची, दुसरी उचलायची. बावीस वेळा. मग हात्या ओढून ठोकायचा. झाली एक ओळ. एवढ्या वेळात पदर वाढला किती तर केसाएवढा. मी मोबाईलवर टाईम लावला होता, तो बंद केला, लाज वाटली.

"मोर कागदावर काढलेला असतो का?" चिऊनं विचारलं. ताण्याखाली आलेखाचा एक मळका कागद होता खरा, पण काकांनी त्याच्याकडे बघितल्याचं मला दिसलं नाही. कागद पोराला शिकवायला म्हणाले. पोरगा शेजारच्या मागावर होता, कानात इयरफोन, तो साडीचं अंग विणत होता, पदर अजून वडलांकडेच.

त्याच्या मागावर कडियाल चालू होतं. जांभळं अंग नि हिरवा काठ, पण रंग एकमेकात सांडलेले नाहीत, सुरीनं कापल्यासारखी रेघ. त्यासाठी तीन धोटे, दोन काठांचे दोन नि अंगाचा एक, आणि दर फेरीला काठाजवळ दोन धाग्यांनी एकमेकांच्या हातात हात घालायचा. एकाच धोट्याची असेल तर अंगाचा धागा काठातही जातो नि काठाला अंगाची छटा येते. म्हणजे काठाच्या रंगावरूनसुद्धा कळतं किती काम आहे. मी आयुष्यात कधी काठ या नजरेनं बघितला नव्हता.

आता माझी फजिती. दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका दुकानातून "प्युअर हातमाग" म्हणून एक पैठणी घेतली होती, बरेच पैसे मोजून, आणि काकांना दाखवू म्हणून कौतुकानं बरोबर आणली होती. काकूंनी हातात घेतली, पदर नुसता उलटा केला नि मला परत दिला. काही बोलल्या नाहीत. मागे सगळं कातरलेल्या धाग्यांचं पिंजलेलं झुलूप. मग त्यांनी मागावरच्या पदराखाली माझा हात धरून नेला नि म्हणाल्या, हात फिरवा. खालून गुळगुळीत. वाकून मोबाईलच्या टॉर्चनं बघितलं तर खालीही तोच मोर, तेच डोळे, फक्त तोंड दुसरीकडे. कुठं कुठं धागा संपला तिथं पाव इंचाची शेपटी लोंबतेय, तेवढीच काय ती उलटी बाजू ओळखायची खूण.

माझी यंत्रमागाची होती. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, धागा मागच्या बाजूनं लांब लांब उड्या मारत जातो नि नंतर त्या उड्या कापून टाकतात, म्हणून झुलूप. एवढं सोपं आहे बघायला, आणि मी, कपड्यांच्या लाईनीतली! दुकानदारानं पदर उलटा करून दाखवलाच नव्हता नि मीही विचारलं नव्हतं.

इथं पोरानं इयरफोन काढले. त्याचं म्हणणं, ताई यंत्रमागाचा राग नाही आमचा, ज्याला दोन हजारात नेसायचीय त्यानं नेसावी की. पण त्याला पैठणी म्हणून विकतात ना. पैठणीला 2010 मध्ये जीआय मिळालंय, म्हणजे नावाला संरक्षण आहे, पण जीआय नाव राखतं, मोर राखत नाही. मोर कुणीही विणावा, कुणीही छापावा. आणि नावाचीही पळवाट काढली लोकांनी, सेमी पैठणी. "सेमी म्हणजे अर्धी ना? मग अर्धी कोणची, ते सांगा म्हणाव."

मग आपसूक विषय कोल्हापुरीवर गेला. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला रॅम्पवर आणल्या, आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, मग इकडून बोंब झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीलाही 2019 पासून जीआय आहेच. मला वाटलं पोरगा चिडून बोलेल, तर तो म्हणतो, नाव घेतलं की बास नाय ताई, ऑर्डर पायजे. काका मागावरून म्हणाले, आणि आडव्हान्स.

तो आडव्हान्सचा मुद्दा मग काकांनी नीट सांगितला आणि माझ्यासाठी अख्ख्या ट्रिपमधलं हेच सगळ्यात महत्त्वाचं बोलणं होतं. रेशीम बंगळूरकडचं, जर सुरतेची, दोन्ही आधी पैसे टाकून आणायचं. चांदी गेल्या वर्षभरात कुठं जाऊन बसलीय ते आपण बघतोय, जरीचा भाव त्याच्याबरोबर जातो. साधा अठरा इंची पदर नि बारीक बुट्टी असली तर तीन-चार आठवड्यात साडी उतरते. पण चाळीस इंची पदर, अंगभर ब्रोकेड असली तर माग सहा महिने, वर्ष अडकून पडतो, दोन माणसं त्याच्यावर, आणि गिऱ्हाईक शेवटी म्हणतं रंग जरा डार्क हवा होता. तोवर घर कशावर चालवायचं? तर दुपट्टा, स्टोल, जॅकेटचं कापड, ब्लाऊजपीस यांच्यावर. आठवडा-दहा दिवसात कापड उतरतं, पैसे हातात येतात.

मी म्हटलं, काका म्हणजे तुम्हाला पैठणी कापून जॅकेट शिवलेलं चालतं? माझ्या आवाजात बहुतेक जरा जास्तच दुःख होतं.

"कापडच हाये ना ते?" काका म्हणाले.

पण लगेच पुढं म्हणाले, नुसतं जॅकेटच विणत बसलं तर हात पदर विसरतो. जॅकेटला मुनियांची, म्हणजे लाल चोचीच्या छोट्या हिरव्या पोपटांची, किनार नि बुट्टी पुरते, बांगडी मोर कोण मागतो. पोराला दुपट्टे येतात, आसावली अजून येत नाही. (आसावली म्हणजे फुलापानांची वेल, पेशव्यांच्या घरातसुद्धा आसावलीचे दुपट्टे मागवले जायचे असं सांगतात.) त्यामुळे घरात त्यांचा असा नियम आहे, एक माग पोटाचा, एक माग पदराचा. पोटाच्या मागावर जे येईल ते. पदराच्या मागावर वर्षाला निघतील तेवढ्या दोन-चार साड्या, पण तिथं सोपं काही लावायचं नाही. आत्ता दोन्हीवर साड्याच होत्या, लग्नसराई म्हणून.

आता आजीची पैठणी. ती बाहेर काढली तेव्हा मात्र काका खड्ड्यातून वर आले, हात धुतले, पुसले, मग हात लावला. पदर उजेडाला धरला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग काकूंना म्हणाले, ही खरी जर. रफू होणार नाही म्हणाले, अंगाचं रेशीम घडीवर मेलंय, टाका घालाल तिथं शेजारी फाटेल, साठ वर्षं त्याच घडीवर ठेवली की असंच होतं, दर चार-सहा महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची असते. मावशीचा चेहरा उतरला.

तेव्हा काकू बोलल्या. अहो मग पदर सोडवून घ्या ना. पूर्वी असंच करायचे, लुगड्याचं अंग विरलं की काठ-पदर उतरवायचे नि नव्या अंगाला लावायचे, माझ्या सासूचं असंच होतं, पदर तिच्या आईचा नि अंग बाजारातलं.

म्हणजे कात्री लावायची रीत आपलीच, जुनीच! मी आणि मावशी एकमेकींकडे बघत राहिलो. चिऊनं एवढं सभ्यपणे तोंड मिटून घेतलं की तिचा अभिमान वाटला.

शेवटी ठरलं ते असं. आजीचा पदर उतरवून मावशी नव्या कुसुंबी रेशमाला लावून घेणार नि लग्नात स्वतः नेसणार. चिऊला जॅकेटसाठी काकांकडचं विणून ठेवलेलं पोफळी रंगाचं, म्हणजे आपल्या सुपारीच्या पिवळ्या रंगाचं कापड, दोन्हीकडे मुनियांची किनार. किंमत लिहीत नाही, काका हे वाचणार नाहीत पण मावसकाका वाचतील.

निघताना उशीर झाला होता तरी मावशी म्हणाली मुक्तिभूमीवर जाऊन येऊ. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली ती याच गावात. दहा मिनिटं शांत बसलो तिथं. परतीच्या गाडीत उभं राहून निफाडपर्यंत, मग जागा. चिऊ कापडाची पिशवी मांडीवर घेऊन झोपली.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी मिसळ. पापड, दही, शेवटी जिलेबी, हा क्रम नाशिकमध्ये मोडायचा नसतो. दुपारी टेलरमास्तर.

मास्तरांचं दुकान पंचवटीत एका जिन्याखाली आहे, पाटी बहुतेक कधीच नव्हती. मावशीचे ब्लाऊज तीस वर्षं तेच शिवतात. चिऊनं मोबाईलवर जॅकेटचे फोटो दाखवले, कुठल्याशा फॅशन वीकचे. मास्तरांनी चष्मा वर करून बघितले नि पहिलं वाक्य, "ही बाई बसली की मागून फाटणार." मग कापड टेबलावर पसरलं आणि कात्रीला हातच लावला नाही. नुसते फिरत होते टेबलाभोवती.

काय झालं मास्तर?

तर अडचण अशी. जॅकेट पुढून उघडं, दोन्ही पुढच्या भागांच्या कडेला मुनियांची किनार उभी येणार. किनारीवर सगळे पोपट एकाच दिशेला तोंड करून चाललेले असतात. डाव्या भागावर ते नीट वर चढतायत असं लावलं, की उजव्या भागाला त्याच किनारीचा तुकडा लावताना तो फिरवून घ्यावा लागतो, कारण काठाची कड मधे यायला हवी, आणि मग उजवीकडचे पोपट डोक्यावर पडून खाली घसरायला लागतात. मास्तर म्हणाले, रेडिमेडवाल्यांच्या जॅकेटवर बघा नीट, एका बाजूचे मोर नेहमी शीर्षासनात असतात. (मी आमच्या साईटवर तिथंच उभ्या उभ्या बघितलं. असतात.)

मास्तर म्हणाले, दुसऱ्या काठाचा घेतला तर? बोटानं मापलं. लांबी पुरत नव्हती, बाह्या निघाल्या नसत्या. चिऊ रडायच्या बेताला. मास्तर टेबलाला टेकून विडी न पेटवता तोंडात धरून उभे, दुकानात पेटवत नाहीत, नुसती धरतात.

मला काकूंनी हात धरून खालून फिरवायला लावलेला तो पदर आठवला. म्हटलं मास्तर, उलटा करून बघा ना तुकडा.

उलटा म्हणजे?

पालथा. उलटी बाजू वर.

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं जसं सात वर्षं मला पगार देणाऱ्यांनी बघायला हवं होतं. पण कापडाचं टोक उचललं, पालथं घातलं. पोपट तेच. हिरवे तेवढेच हिरवे, जर तेवढीच, फक्त तोंडं इकडची तिकडे झाली. मास्तर खाली वाकले, नख लावून बघितलं, परत सुलटं केलं, परत पालथं. दोन तुकडे शेजारी धरले. दोन्हीकडचे पोपट एकमेकांसमोर, तोंड वर करून चाललेले.

"आयला," मास्तर म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी पैठणीचे ब्लाऊज शेकड्यानं शिवलेत, पण हे करून बघायची कधी वेळ आली नव्हती, ब्लाऊजला लागतही नाही. यंत्रमागाच्या कापडाला ही सोय नाहीच, मागं झुलूप असतं, पालथं घालणार कसं. मला आपलं वाटत होतं की दोन्हीकडून सारखी म्हणजे खरी पैठणी ओळखायची एक परीक्षा, एवढंच. ती कामाचीसुद्धा गोष्ट आहे हे जिन्याखालच्या टेबलावर कळलं. सात वर्षांत "रिव्हर्सिबल" हा शब्द मी शंभर वेळा तरी लिहिला असेल, कायम जॉगिंगच्या जॅकेटांसाठी.

नंतरचं दीड तास मास्तरांचं काम बघत बसलो. खडू नाही लावला, पिवळ्यावर राहतो म्हणाले, सुती दोऱ्यानं खुणेचे टाके घातले. फ्युजिंगला साफ नाही, गरम इस्त्रीनं गोंद चिकटवला की रेशमाचा पत्रा होतो, आतून सुती अस्तर हातानं धावदोऱ्यानं बसवणार. कापल्या कापल्या कडा सुटतात म्हणून लगेच टाचून घेतल्या. बुट्टी काखेत जाणार होती ती दोन बोटं सरकवली, त्यासाठी बाहीची लांबी थोडी गेली, चिऊनं हूं का चूं केलं नाही. आपण कारागीर म्हटलं की विणकर, लोहार, कुंभार म्हणतो, टेलरला कुणी म्हणत नाही. आमच्या कॅटलॉगमध्ये तर तो नसतोच, जणू कापड मागावरून उतरतं ते बाह्यांसकट.

संध्याकाळी काहीच नाही. उलटा वडापाव, मग गप्पा.

दिवस चौथा, रविवार

पुण्याला परत. जॅकेट तयार व्हायला मंगळवार उजाडणार होता त्यामुळे बघायला काही मिळालं नाही. मावशीनं पेरू, कांद्याची पात नि एक डबा दिला, चिऊ द्वारकेपर्यंत सोडायला आली. गाडी सिन्नरला पोचेपर्यंत मी एकच काम केलं, मागच्या महिन्यात मी लिहिलेल्या पैठणीच्या ओळी उघडून "पैठणी" च्या जागी "मोराची प्रिंट" टाकलं, 14 ठिकाणी. सोमवारी मॅनेजर विचारेल. सर्चमध्ये पैठणी शब्द लागतो, प्रिंट कोण शोधतंय, हे त्याचं म्हणणं मला आत्ताच ऐकू येतंय आणि ते खोटंही नाही. बघू.

संगमनेरच्या पुढं मास्तरांचा व्हॉट्सअॅप, चिऊनं फॉरवर्ड केलेला. दोन्ही पुढचे भाग टेबलावर शेजारी ठेवलेले. पोपट समोरासमोर. खाली मास्तरांचा व्हॉईस मेसेज, की पालथ्या बाजूच्या त्या धाग्यांच्या शेपट्या आता वर आल्यात, कापू का?

मी म्हटलं काकूंना विचार. चिऊनं येवल्याला फोन लावला. काकू म्हणे फोनवर ओरडल्याच, कापायच्या नाहीत, कापलं की धागा सुटतो, बारीक सुई घ्यायची नि एकेक शेपटी आत ओढून घ्यायची. मास्तर म्हणाले माझे डोळे नाहीत तेवढे. मावशीचेही नाहीत.

रात्री अकराला चिऊचा फोन, स्पीकरवर. जिला शर्टाचं बटण लावता येत नाही ती टेबललॅम्पखाली तो उजवा भाग घेऊन बसली होती. किती झाल्या विचारलं. एकोणतीस म्हणाली, थांब, एक मिनिट बोलू नकोस, चोचीपाशी आलेय.